जिचं पोट लहान केलंय, तिला उपवास सांगू नका



भाद्रपद जवळ आला की आपल्यात एकच प्रश्न फिरतो. "यंदा तुझे किती?" मंदिराच्या पायरीवर, भाजीवालीकडे, फोनवर, सगळीकडे. किती म्हणजे किती उपवास, हे वेगळं सांगायला लागत नाही. दिगंबर घरात दशलक्षणाचे दहा दिवस, श्वेतांबर घरात पर्युषणाची अठाई. ज्यांच्या अंगात बळ आहे त्यांनी जरूर करावं, मी त्यांची मनापासून अनुमोदना करते. पण ज्या बाईचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय तिला हा प्रश्न विचारायचा नाही. तिने स्वतःहून उपवासाचं नाव काढलं तरी आपण तिला थांबवायचं. आज यावर जरा कडकच लिहिणार आहे. राग येईल त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं, मग रागवावं.

आपल्या ओळखीत आता अशा चारपाच जणी तरी आहेत. काही उघड सांगतात, काही "पित्ताशयाचं ऑपरेशन झालं" असं सांगून गप्प बसतात. त्या का लपवतात याचा विचार आपण करत नाही, आणि लपवल्यामुळे त्यांचे हाल दुप्पट होतात. पित्ताशयवाल्या बाईला महिन्याभराने ताट वाढून "आता जेव नीट" म्हटलं तर चालतं. हिला नाही चालत.

ऑपरेशन म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणींना वाटतं की पोटावरची चरबी काढतात. चरबी काढत नाहीत. स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त कायमचा कापून काढतात. केळ्यासारखी एक नळी उरते. तिच्यात सुरुवातीला शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं, म्हणजे आपली आमटीची लहान वाटी. बायपासमध्ये त्याहून लहान, तीसेक मिलिलिटरचा कप्पा करतात आणि आतड्याची वाट बदलतात, त्यामुळे खाल्लेल्यातलंही कमी अंगी लागतं. आणि जठराचा जो भाग काढून टाकतात त्याच भागात भूक लावणारं संप्रेरक जास्त तयार होतं. त्यामुळे पुढचे कितीतरी महिने अशा बाईला भूकच लागत नाही.

धोका या शेवटच्या गोष्टीत आहे. भूक लागत नाही म्हणून तिला उपवास सोपा जातो. आपण म्हणतो, "बघा, ऑपरेशननंतर हिला केवढं बळ आलं, पाणीसुद्धा मागत नाही!" ते बळ नसतं. भुकेची घंटा कापून टाकली आहे, म्हणून घंटा वाजत नाही. आतली कोठी मात्र रिकामी होत असते.

आमच्या जाऊबाईंच्या सुनेचं सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव घालत नाही. वय एकेचाळीस, मधुमेह, गुडघे गेलेले. घाटावरच्या एका रुग्णालयात तिचं स्लीव्ह झालं. चार महिन्यांत वजन छान उतरलं, साखर उतरली, आणि दशलक्षण आलं. घरातून आणि मंडळातून सुरू झालं, "दहा नाही तर निदान एकाशन कर, तुला काय, तशी भूक कुठे लागते?" तिने दहा दिवसांचं एकाशन धरलं आणि सुगंधदशमीला पूर्ण उपवास. पुढे दोनतीन दिवसांत उलट्या सुरू झाल्या. सगळ्या म्हणाल्या, पित्त झालंय. मग तिला एका दिव्याचे दोन दिवे दिसायला लागले, आणि स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत भिंत धरून चालायला लागली. तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं. ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीने पहिला प्रश्न विचारला, "पोटाचं ऑपरेशन झालंय का?" आणि तिला शिरेतून बी-१ जीवनसत्त्व दिलं. वाचली. पायांची बधिरता मात्र संक्रांतीपर्यंत गेली नाही.

बी-१ म्हणजे थायामिन. शरीरात त्याचा साठा दोनतीन आठवडे पुरेल एवढाच असतो. एरवी आपण रोज पोळी-डाळ खातो म्हणून कळत नाही. जिचं खाणंच चार घासांचं आहे आणि वर उलट्या, तिचा साठा बघता बघता संपतो आणि मेंदूवर परिणाम होतो. अशा बाईला बी-१ न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर दुखणं वाढू शकतं. म्हणून दवाखान्याच्या दारात पाय ठेवल्याबरोबर ऑपरेशनचं सांगायचं, लाजायचं नाही. आपल्याकडच्या बहुतेक जणी ऑपरेशनला कोल्हापूर, पुणे, मुंबई गाठतात. पावसात आंबा घाटात दरड आली की आपला सर्जन फक्त फोनवर. रात्री जो डॉक्टर समोर असेल त्याला ही गोष्ट घरच्यांनीच सांगायला हवी.

आता एकाशनाचा हिशेब. मी बी.कॉम. झालेली आहे, मला आकड्याशिवाय पटत नाही. तुमच्या-माझ्या एकाशनात दोन पोळ्या, भाजी, वाटीभर डाळ, भात, दूध, सगळं येतं. एका बैठकीत दिवसाची गरज बरीचशी भागते. तिच्या बैठकीत एक लहान वाटी. घट्ट डाळीची वाटी धरली तर त्यात प्रथिनं सातआठ ग्रॅम. डॉक्टर सांगतात दिवसाला किमान साठ. आपण दहा दिवस एकाशन करतो तेव्हा एक जेवण सोडतो. ती दहा दिवस एकाशन करते तेव्हा आठातले सात भाग सोडते. दोघींच्या तपाला एकच नाव देऊन यादीत एकाखाली एक लिहिणं हा कुठला न्याय?

"म्हणजे तुम्ही धर्म सोडायला सांगता का?" हे विचारणाऱ्या बायका आहेत, मला माहीत आहे. त्यांना माझा उलट प्रश्न, धर्मात तप एवढं एकच आहे का? बाह्य तपं सहा आहेत. त्यातलं अनशन हे पहिलं, आणि आपण तिथेच थांबलो, कारण ते मोजता येतं, त्याचा सत्कार करता येतो, पारण्याचा फोटो काढता येतो. दुसरं अवमौदर्य, श्वेतांबर भगिनी ज्याला उणोदरी म्हणतात. पोटाला लागतं त्याहून कमी खाणं. शास्त्रात पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा आणि बाईचा अठ्ठावीस घासांचा मानला आहे, त्यातला एक घास कमी केला तरी ते अवमौदर्य. ऑपरेशन झालेली बाई पाचसहा घासांवर उठते. रोज उठते, वर्षानुवर्षं उठणार आहे. लग्नाच्या पंगतीत, आंब्याच्या दिवसात, दिवाळीत. आता म्हणाल, तिच्या पोटात मावतच नाही, त्यात तप कसलं? पहिले महिने मावत नाही हे खरं. पण वर्ष-दीड वर्षाने भूक परत येते, नळीही थोडी सैलावते, आणि तेव्हा ताटावरून उठणं हा तिचा निग्रहच असतो. तेव्हा तिला कोणी श्रीफळ देत नाही.

तिसरं वृत्तिपरिसंख्यान. आज एवढेच पदार्थ घेईन, असा नियम. तिला सहज जमतो. चौथं रसपरित्याग. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या सहातला रस सोडणं. तिने दहा दिवस गोड आणि तेल सोडावं, तिचा डॉक्टरही खूश होईल. दूध-दही मात्र सोडू नये, ते तिचं औषध आहे. आणि आंतरिक तपं आहेतच, स्वाध्याय करायला कुठलं जठर लागतं?

भाद्रपदात आपण सोळाकारण पूजा करतो. सोळा भावना तोंडपाठ म्हणतो. त्यात सातवी कोणती? शक्तितस्तप. नावातच शक्ती आहे, आपल्या शक्तीप्रमाणे तप. आणि नववी? वैयावृत्त्य, म्हणजे आजारी, थकलेल्या साधर्मिकाची सेवा. सातवी भावना तिच्या वाट्याची आणि नववी आपल्या वाट्याची. आपण नववी सोडून देतो आणि सातवीतली शक्ती गाळून उरलेलं तप तिच्या गळ्यात बांधतो. प्रवचनात दरवर्षी ऐकतो की या पंचम काळात आपलं संहनन हीन आहे, पूर्वीच्या महापुरुषांसारखं शरीर नाही. मान डोलावतो, घरी येतो आणि शेजारच्या सुनेला विचारतो, "तुझे किती?"

ज्या उपवासात बाई उलटीच्या भीतीने बसली आहे, डोळ्यांपुढे अंधारी आहे, आणि मनात "नाही जमलं तर लोक काय म्हणतील" हे चाललं आहे, त्याला आर्तध्यान म्हणतात. तपाच्या नावाखाली आपण तिला त्यात ढकलायचं आणि पुण्य मात्र अनुमोदनेचं घ्यायचं!

दुसरा टोमणा शॉर्टकटचा. "मनावर ताबा नव्हता म्हणून कापून घेतलं." नितीन गडकरींनी २०११ साली मुंबईत वजनाचंच ऑपरेशन करून घेतलं, सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. त्यांना कुणी म्हणालं का, "साहेब, त्यापेक्षा उपवास का नाही केलेत?" लोक म्हणाले, चांगलं केलं, तब्येत सांभाळली. पुरुषाने केलं तर तब्येत सांभाळली आणि बाईने केलं तर खादाडपणा कापला, हा हिशेब मला जुळत नाही. आणि ज्यांना वाटतं की उपवासाने वजन उतरतं, त्यांनी आपल्याच मंडळात नजर फिरवावी. वर्षाला चार-चार व्रतं करणाऱ्या आणि तरी नव्वद किलोच्या किती जणी आहेत? बटाटा खात नाही म्हणून कोणी बारीक होत नाही. फरसाण, तुपातल्या वड्या, शेव, काजूकतली यात कंदमूळ नसतं, एवढंच.

आपलं लक्ष फक्त किलोंवर असतं ही खरी गोम आहे. २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली होती, आठवतं? पाचशे किलो वजन म्हणून बातम्या होत्या. मार्चमध्ये तिचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं, आणि रोज टीव्हीवर आकडा, आज इतके उतरले, आज तितके. मे महिन्यात ती अबुधाबीला गेली, आणि सप्टेंबरात तिथे वारली. तिची दुखणी फार मोठी आणि वेगळी होती, तिची तुलना कोणाशी करत नाही. पण ते आकडे आपण जसे कौतुकाने बघत होतो तसेच घरातल्या बाईचे बघतो. "किती उतरलं?" विचारतो. "आज काय खाल्लंस, गोळी घेतलीस का?" हे नाही विचारत.

तर खायचं काय? रुग्णालयातून जो कागद मिळतो त्यावर बहुधा पहिल्या ओळीत चिकन सूप आणि दुसरीत अंडं असतं. आपल्या बायका तो कागद घडी करून ठेवतात आणि मग मनाने पेज पितात. असं करू नका. आहारतज्ज्ञ बाईंना तिथेच सांगा, आम्ही जैन आहोत, अंडं नाही, कांदा-लसूण-बटाटा-गाजर-बीट नाही, बऱ्याच घरांत मोड आलेली कडधान्यं नाहीत, चातुर्मासात पालेभाजी नाही, आणि कच्च्या दह्याताकात डाळ किंवा बेसन नाही, म्हणजे द्विदल नाही. कढी करायची तर ताक आधी तापवून घ्यावं लागतं. हे सगळं ऐकून त्या दुसरा कागद करून देतात. सांगितलंच नाही तर त्यांना कसं कळणार?

सुरुवातीचे आठवडे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच जायचं, आधी गाळलेलं पातळ, मग दूध-ताक-कढणासारखं दाट, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. साधारण दोन महिन्यांनी घरचं नेहमीचं अन्न थोडं थोडं. यात घाई केली तर टाके ताणले जातात, आणि "एक घास खा गं, काय होतंय" म्हणणाऱ्या आजेसासूला ते दिसत नाही.

त्यानंतरचा, म्हणजे चारपाच महिन्यांनंतरचा एक दिवस मी मांडून दाखवते. प्रथिनांचे आकडे शंभर ग्रॅमला असे धरले आहेत: मूगडाळ २४, कुळीथ २२, पनीर १९, दुधाची साय काढलेली पावडर ३५. सकाळी साडेसातला दीडशे मिलिलिटर दूध, त्यात पंधरा ग्रॅम दूध पावडर, झाले १०. साडेनऊला तीस ग्रॅम मूगडाळीचं मऊ धिरडं, ७. साडेअकराला पन्नास ग्रॅम घरचं पनीर, जिरं-मीठ लावून, साडेनऊ. दीड वाजता पंचवीस ग्रॅम कुळथाची पिठी, साडेपाच. साडेतीनला प्रथिनांची पावडर एक माप, २०. साडेपाचला घट्ट खिचडी, डाळ तीस ग्रॅम आणि तांदूळ नावाला, ७. बेरीज ५९. पावडर काढून टाका, ३९ उरतात. म्हणून "पावडर म्हणजे केमिकल, ती नको" म्हणणाऱ्या सासूबाईंना मी विनंती करते, आधी उरलेले वीस ग्रॅम कुठून आणायचे ते सांगा आणि मग पावडर बंद करा. दुधाच्या निवळीपासून केलेली किंवा सोयाची पावडर मिळते, हिरवा ठिपका बघून घ्या.

कुळथाचं मुद्दाम लिहिलं. आपल्या कोकणात एवढं चांगलं धान्य दारात आहे आणि आपण ते गरिबाचं म्हणून मागे सारलं. पीठ पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचं, जिऱ्या-हिंगाची फोडणी थेंबभर तेलात, मीठ, एखादं आमसूल, आणि दाट होईस्तोवर ढवळायचं. लसूण नाही म्हणून काही अडत नाही. तिच्यासाठी भाकरीशिवाय, नुसती वाटीत, चमच्याने. पिठाची मर्यादा आपण पाळतोच, पावसाळ्यात तीन दिवसांची, म्हणून थोडंच दळायचं.

आता वेळेचं. सूर्यास्तापूर्वी जेवण हा आपला नियम, आणि तो तिने सोडावा असं मी मुळीच म्हणत नाही. वरचा दिवस बघा, साडेसात ते साडेपाच, सहा वेळा खाऊन सूर्यास्ताच्या आत. मार्गशीर्षात आपल्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो, तरीही बसतं. पण आपल्या घरातली रीत आडवी येते. संध्याकाळी साडेपाचपासून गडबड. आधी सासरे, मग दुकानातून आलेले पुरुष, मग मुलं, सगळ्यांना गरम वाढायचं, आणि घरची सून सर्वांत शेवटी, सूर्य खाली गेलेला बघत, पाच मिनिटांत उभ्या उभ्या घास कोंबते. तुम्ही-मी आयुष्यभर असंच जेवलो, पचवलं. तिला एक वाटी खायला वीस ते तीस मिनिटं लागतात. प्रत्येक घास चावून पीठ करून गिळायचा. पाच मिनिटांत कोंबलं की छातीत दाटतं आणि उलटी. मग म्हणायचं, "हिला काही पचतच नाही." न पचायला काय झालं? तिला बसायला मिळालं नाही.

तिने आधी जेवायचं. सगळ्यांच्या आधी, पाटावर बसून, हातातलं काम टाकून. ज्या घरात हे चालणार नाही त्या घराने सुनेचं ऑपरेशन करूच नये, लाखांचा खर्च वाया आहे. रात्रीभोजनत्यागाचा नियम चांगला आहे. त्या नियमाची किंमत घरातली एकटी बाई का भरते, हा प्रश्न आपण कधी विचारला नाही.

पाण्याचं थोडं अवघड आहे, तेही सरळ सांगते. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी हवं, घोट घोट, आणि खाताना नाही. खाल्ल्यावर अर्धा तास थांबून मग. अकरा तासांच्या दिवसात सहा वेळा खाणं आणि मध्ये एवढं पाणी, धावपळ होते. निदान पहिलं वर्ष चौविहाराऐवजी तिविहार ठेवावा, किंवा पाणी आणि औषधाची सूट ठेवून नियम घ्यावा. आपल्यातले कितीतरी वयस्कर लोक असा नियम घेतातच. आपल्या महाराजांना, माताजींना ऑपरेशनचं खरं सांगून विचारा. आजारपण लपवून घेतलेल्या नियमाचा दोष सांगणाऱ्यांवर टाकता येत नाही.

गोळ्या जन्मभर आहेत. यात उधारी नाही. बी-१२ आपण शाकाहारी म्हणून आधीच काठावर, त्यात जठर लहान झाल्यावर ते नीट शोषलं जात नाही, म्हणून गोळी किंवा इंजेक्शन. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास तरी. लोहाच्या गोळीवर चहा नाही, तो सगळं फुकट घालवतो. तिसऱ्याचौथ्या महिन्यात केस मुठीने येतात, तेव्हा नजर काढत बसू नका, प्रथिनं आणि लोह बघा. बहुतेकींचे परत येतात.

इथे आपला खरा धर्माचा प्रश्न आहे, आणि त्यावर मात्र मंडळात कोणी बोलत नाही. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, जनावरांच्या हाडा-कातड्याचं. डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात. खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघता येतो, औषधाच्या पट्टीवरून कळत नाही. डॉक्टरांना सांगा, गोळी द्या, चघळायची द्या, इंजेक्शन द्या, किंवा वनस्पतीच्या कवचाची कॅप्सूल द्या. डी-३ दगडफुलाच्या जातीपासून केलेलंही मिळतं, केमिस्टला मागवायला सांगा. ज्या घरात उपवासाच्या संख्येवर एवढी चर्चा होते त्या घरात रोजची कॅप्सूल कशाची आहे हे पाहिलं जात नाही, याचं मला नवल वाटतं. पण पर्याय मिळेपर्यंत गोळ्या बंद करायच्या नाहीत.

आणि गोडाचा आग्रह. चतुर्दशीला जी बाई "उपवास कर" म्हणते तीच पारण्याला पुरणपोळी घेऊन उभी असते. "माझ्या हातची एक, शपथ आहे." बायपास झालेल्या बाईने गोड खाल्लं की साखर धाडकन आतड्यात उतरते, घाम, छातीत धडधड, हातपाय गार, मग जुलाब. वैशाखात हापूसच्या पेट्या घरात, आमरसाच्या वाट्यांवर वाट्या, आणि ती दोन फोडींवर थांबली तर आपण तोंड वाकडं करतो, "आता काय उपयोग एवढ्या बारीक होऊन, आंबासुद्धा खाता येत नाही." तिला येतो. दोन फोडी, जेवणाबरोबर नाही, सावकाश. बोलायचं आपल्याला येत नाही.

मंडळाला माझी मागणी आहे, आणि यंदाच्या बैठकीत मी ती लेखी देणार आहे. तपस्व्यांची यादी वाचताना कोणी का नाही केलं हे माइकवरून विचारायचं बंद करा. चौकशीच करायची असेल तर आजारी भगिनींच्या घरी दुपारी कोणी तरी जाऊन बसा, तासभर मुलं बघा, तिची वाटी तिला बसून खाऊ द्या. दशलक्षणात आमच्या जाऊबाईंच्या सुनेसाठी मी साडेपाचची वाटी घेऊन जाणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी वार कळवा, दहा दिवस आहेत, माझे दोन धरून आठ अजून मोकळे आहेत.